'पहिली महिला', 'पहिला कृष्णवर्णीय': नेत्याबद्दल हे लिहावं का? डेस्कवरून एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की एखादी बाई पंतप्रधान झाली किंवा एखादा कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्ष झाला की लगेच सगळीकडे "पहिली महिला", "पहिला कृष्णवर्णीय" सुरू होतं, पण नेत्याचं काम बघायचं सोडून तो गोरा का काळा, बाई का पुरुष हे कशाला सांगायचं, हे सांगणं हाच मुळात भेदभाव नाही का?

मी बावीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर आहे, त्यातली निम्म्याहून जास्त आंतरराष्ट्रीय पानावर, म्हणजे हा शब्द ठेवू का उडवू हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी ठरवावं लागतं आणि तेही पान छपाईला सोडायला वीस मिनिटं उरलेली असताना. त्यामुळे तत्त्वज्ञान फार नाही सांगत, हाताखालून गेलेल्या बातम्यांवरून काय कळलं ते सांगते.

आता बघा, मी "सांगते" लिहिलं आणि तुम्हाला कळलं की लिहिणारी बाई आहे. आपल्या भाषेत हे लपवताच येत नाही. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, नुसतं "प्राइम मिनिस्टर सेड" असतं, त्यावरून बाई का पुरुष काही कळत नाही, मराठीत "पंतप्रधान म्हणाल्या" लिहिलं की झालं, क्रियापदानेच सांगून टाकलं. म्हणजे "महिला पंतप्रधान म्हणाल्या" यात तीच गोष्ट दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा आलेला शब्द फुकटचा. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एवढंच करायला लावते, कॉपीतला प्रत्येक "महिला" शोध, तो काढून वाक्य वाच, काही गेलं का बघ. दहातले सात-आठ जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

उरलेले दोन-तीन मात्र काढायचे नसतात. खरा प्रश्न तिथे आहे.

याबद्दल मला आजवर सगळ्यात पटलेलं म्हणणं ज्युलिया गिलार्ड यांचं आहे. २०१० मध्ये त्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, २०१३ च्या जूनमध्ये स्वतःच्याच पक्षाने त्यांना पायउतार केलं, आणि त्या रात्री बोलताना त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा होता की मी बाई होते यावरून माझ्या कारकिर्दीतलं सगळंच काही उलगडत नाही, पण काहीच उलगडत नाही असंही नाही. बास. आता यातलं "काही" म्हणजे नेमकं काय ते शोधणं हे बातमी लिहिणाऱ्याचं काम. गिलार्ड यांच्या बाबतीत शोधायला फार लांब जावं लागत नाही. विरोधी पक्षनेते ज्या मोर्चासमोर भाषण करत होते तिथे मागे गिलार्ड यांना चेटकीण म्हणणारे फलक होते, त्याआधी एका सिनेटरने त्या जाणूनबुजून वांझ राहिल्या आहेत असं म्हटलं होतं, आणि ९ ऑक्टोबर २०१२ ला त्यांनी संसदेत विरोधी पक्षनेत्याला समोर बसवून स्त्रीद्वेषावर जे भाषण केलं ते जगभर फिरलं. आता ही बातमी "बाई" हा शब्द न वापरता लिहून दाखवा बरं. नाही लिहिता येणार. पण त्याच गिलार्ड सरकारचा कार्बन प्राइसिंगचा, म्हणजे प्रदूषण करणाऱ्यांकडून कार्बनचे पैसे घेण्याचा कायदा, त्याने विजेचं बिल किती वाढणार, पक्षात फूट का पडली, या बातम्यांत त्या बाई असण्याचं काय काम? माणूस तोच, खुर्ची तीच, एका बातमीत शब्द लागतो आणि दुसरीत नाही.

म्हणून "लिहावं का" असा एकगठ्ठा प्रश्न आला की मला उत्तर देता येत नाही. कोणत्या बातमीत, कितव्या परिच्छेदात, एवढं सांगा, मग सांगते.

आता "पहिली" आणि "पहिला" याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. एक तर "पहिली" म्हटलं की तो शब्द आपोआप उलट्या दिशेला बोट दाखवते, म्हणजे आजपर्यंत एकही नव्हती, ही खरी बातमी असते. अमेरिकेत २००८ ला ओबामा निवडून आले तेव्हा आमच्याकडे सकाळ होती, दुसऱ्या दिवशीच्या अंकाला भरपूर वेळ होता, आणि तरी हेडिंगवरून तासभर वाद झाला. एक सहकारी म्हणत होते की कृष्णवर्णीय शब्द हेडिंगमध्ये नको, माणूस जिंकला, रंग नाही जिंकला. मी म्हटलं की ज्या देशात १८६५ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती, जिथे दक्षिणेतल्या राज्यांत १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत कृष्णवर्णीयांना मतदारयादीत नाव घालायलाही धक्के खावे लागत, त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष कृष्णवर्णीय झाला हे सोडून बाकी जे राहतं ते म्हणजे एका डेमोक्रॅटने एका रिपब्लिकनला हरवलं, ते तर दर चार-आठ वर्षांनी होतंच. शब्द हेडिंगमध्ये राहिला. आणि तो तिथेच संपायला हवा होता, पण पुढे सहा महिने आमच्या पानावर "कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आरोग्य विम्याबद्दल" असं छापून येत राहिलं, ते माझ्याकडूनही सुटलं, खोटं कशाला बोलू.

दुसरी भानगड म्हणजे पहिली, पण कशातली पहिली? "जगातली पहिली महिला" हे तीन शब्द दिसले की मी पेन खाली ठेवते. सिरिमावो बंदरनायके जुलै १९६० मध्ये श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या पंतप्रधान झाल्या, जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान त्या. राष्ट्राध्यक्ष म्हणाल तर अर्जेंटिनाच्या इसाबेल पेरॉन, १९७४, पण त्या उपाध्यक्ष होत्या आणि पती वारल्यावर त्या खुर्चीवर आल्या, राष्ट्राध्यक्षपदासाठी लोकांनी थेट मत देऊन निवडलेल्या पहिल्या म्हणजे आइसलंडच्या विगदिस फिनबोगादोत्तिर, १९८०. तिन्ही "पहिल्या", तिन्ही बरोबर, आणि एकीचं विशेषण दुसरीला लावलं की तिन्ही चूक. लॅटिन अमेरिकेत तर हे हमखास होतं. एवो मोरालेस २००६ मध्ये बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना त्यांच्या देशाचे पहिले मूलनिवासी राष्ट्राध्यक्ष म्हणतात, घाईत कुणीतरी "लॅटिन अमेरिकेतले पहिले" करून टाकतं, आणि मग मेक्सिकोचे बेनितो हुआरेझ कुठे जातात? ते झापोतेक होते आणि १८५८ मध्येच राष्ट्राध्यक्ष झालेले.

माझी स्वतःची फजिती सांगते. जानेवारी २०२१, कमला हॅरिस यांचा शपथविधी. मी चौकट सोडली, त्यात "अमेरिकेच्या पहिल्या महिला, पहिल्या कृष्णवर्णीय, पहिल्या दक्षिण आशियाई वंशाच्या आणि पहिल्या बिगरगोऱ्या उपाध्यक्ष" अशी मालगाडी होती. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला, अगदी शांतपणे म्हणाले, बाई, चार्ल्स कर्टिस हे नाव ऐकलंय का? नव्हतं ऐकलं. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचे उपाध्यक्ष, १९२९ ते १९३३, आईकडून कॉ या मूलनिवासी जमातीचे, लहानपणीचा काही काळ कॅन्ससमधल्या त्या जमातीच्या वस्तीत गेलेला. म्हणजे पहिले तीन डबे बरोबर आणि शेवटचा चूक. तेव्हापासून "पहिला" शब्द आला की मी कॉपी लिहिणाऱ्याला विचारते, कशात पहिला, कुणाच्या आधी कोण होतं, आणि "निवडून आलेला" का "नेमलेला". या तीन प्रश्नांत निम्मे "पहिले" गळतात.

बरं, हॅरिस यांच्याच निमित्ताने आपल्याकडची एक खोड. आपल्या पेपरांत त्या सगळीकडे "भारतीय वंशाच्या कमला हॅरिस". आई श्यामला गोपालन चेन्नईच्या, हे खरंच. पण वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे, स्वतः कमला शिकल्या हॉवर्डमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात, राजकारणात स्वतःची ओळख कायम कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई अशी दोन्ही सांगत आल्या. आपण त्यातला आपल्याला हवा तो अर्धा उचलला आणि उरलेला अर्धा खाली ठेवला. मग जुलै २०२४ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणाले की ही बाई आत्ता आत्तापर्यंत भारतीय होती, आता अचानक कृष्णवर्णीय झाली, तेव्हा आमच्या डेस्कवर दोन मुलं खरंच विचारत होती की म्हणजे त्या कृष्णवर्णीय पण आहेत का? त्यांचा काय दोष, चार वर्षं आम्हीच त्यांना अर्धी माहिती वाचायला दिली होती.

लिओ वराडकर यांचंही तेच. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा जगभरच्या बातम्यांत होतं ते त्यांचं ३८ वय, ते समलिंगी असल्याचं त्यांनी उघड सांगितलेलं असणं आणि स्थलांतरिताचा मुलगा असणं. मराठीत होतं वराड. मालवण तालुका, वडिलांचं गाव, फोटोसकट. वाचकाला त्यात रस असतो, मलाही होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कॅथलिक चर्चचा एवढा पगडा असलेल्या देशात, जिथे दोनच वर्षांपूर्वी सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, तिथे ही निवड का मोठी होती हे बऱ्याच ठिकाणी आलंच नाही. आणि आपला हा "वंशाचा" अभिमान भलताच सोयीचा असतो बरं का, जिंकला तर भारतीय वंशाचा, लफड्यात सापडला तर नुसतं नाव.

आता तुमच्या प्रश्नातला जो खरा मुद्दा आहे, की उल्लेख करणं हाच भेदभाव, त्याकडे येते. मला हे पूर्ण पटत नाही, पण थोडं पटतं. पटतं ते असं की कुणीही कधी "गोरे राष्ट्राध्यक्ष बुश" किंवा "पुरुष पंतप्रधान ब्लेअर" लिहिलेलं नाही. म्हणजे गोरा पुरुष हा नुसता नेता, बाकी सगळे विशेषणवाले नेते. हे चूक आहेच. पण यावरचा उपाय म्हणून विशेषण सरसकट उडवलं तरी फसतो आपण, कारण कधी कधी गोरेपण हीच बातमी असते आणि तिथे आपण ते बिनदिक्कत लिहितो. गाय स्कॉट हे नाव फार लोकांना आठवणार नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये झांबियाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल साटा वारले आणि उपाध्यक्ष स्कॉट सुमारे तीन महिने हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. गोरे. जगातल्या झाडून सगळ्या बातम्यांत गोरे असल्याचा उल्लेख होता, दक्षिण आफ्रिकेच्या डी क्लर्क यांच्यानंतर आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर एवढ्या वर जाणारे पहिले गोरे म्हणून. पण उत्सुकता बाजूला ठेवली तरी तिथे आणखी एक पक्कं कारण होतं, तिथल्या घटनेत अशी अट होती की राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आईवडील दोघंही झांबियाचे हवेत, आणि स्कॉट यांचे आईवडील ब्रिटनमधून आलेले, त्यामुळे ते पुढची निवडणूक लढवू शकत नव्हते. कुळ कुठलं हे सांगितल्याशिवाय, हा माणूस खुर्चीवर बसलाय तर मग उमेदवार का नाही, हे वाचकाला कळणारच नाही. मी याला मनातल्या मनात "अडतंय का" परीक्षा म्हणते. शब्द काढला आणि वाचक अडला तर शब्द ठेवा.

मतांचा हिशोब करताना पण असंच अडतं. लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, चाचण्यांत पुढे होते, मतदान संपल्यावर काहींनी त्यांना विजयीसुद्धा धरलं, आणि ते साधारण एक टक्क्याने हरले. ब्रॅडली कृष्णवर्णीय होते. त्यावरून "ब्रॅडली इफेक्ट" हा शब्दच तयार झाला, म्हणजे लोक चाचणीवाल्याला तोंडावर एक सांगतात आणि मतपत्रिकेवर दुसरं करतात. आता हा इफेक्ट खरा किती यावर पुढे बरेच वाद झाले, पोस्टाने आलेल्या मतांनी निकाल फिरवला असंही म्हणणारे आहेत, आणि २००८ ला सगळे हाच बागुलबुवा घेऊन बसले होते तर चाचण्या आणि निकाल साधारण जुळले. पण वाद घालायचा तरी उमेदवाराचा वंश सांगावाच लागतो ना.

आणि नेता स्वतः तो मुद्दा घेऊन लोकांसमोर जात असेल तर आपण सोवळं पाळण्यात काही अर्थ नाही. पेरूचे राष्ट्राध्यक्ष झालेले फुजिमोरी जपानी वंशाचे, लोक त्यांना "एल चिनो" म्हणजे चिनी म्हणायचे, आणि त्यांनी त्यावर न चिडता तेच टोपणनाव १९९० च्या प्रचारात वापरलं, कारण गोऱ्या उच्चभ्रूंपेक्षा मी वेगळा हे त्यांना त्यातूनच सांगायचं होतं. ओबामांनी याच्या उलट केलं, जमेल तितका वेळ तो विषय टाळला, आणि त्यांच्या चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या वक्तव्यांवरून गळ्याशी आलं तेव्हा मार्च २००८ मध्ये फिलाडेल्फियात वंश या विषयावरच पूर्ण भाषण दिलं. दोन्ही ठिकाणी उल्लेख हवा, पण लिहायचं वेगळं, एक माणूस ओळख वापरतोय आणि दुसऱ्याला ती वापरायला भाग पाडलं जातंय. तुम्ही ओबामांच्या जन्म दाखल्याचं प्रकरण आठवा, ते अमेरिकेत जन्मलेलेच नाहीत या अफवेपायी हवाईत जन्मलेल्या राष्ट्राध्यक्षाला २०११ मध्ये सविस्तर दाखला जाहीर करावा लागला. ते प्रकरण वंशाचा उल्लेख न करता नुसतं "कागदपत्रांचा वाद" म्हणून लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

बायकांच्या बाबतीत "अडतंय का" परीक्षा कशी चालते ते जसिंडा आर्डर्न यांच्यावरून फार छान दिसतं. ऑगस्ट २०१७, न्यूझीलंडच्या लेबर पक्षाच्या नेत्या म्हणून निवड होऊन चोवीस तास पण झाले नव्हते तर टीव्हीवर त्यांना मूल होऊ देण्याबद्दल विचारलं गेलं. नोकरीवर ठेवताना बाईला हे विचारणं २०१७ मध्ये चालणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं. बरोबरच. जानेवारी २०१८ मध्ये, पंतप्रधान झाल्यावर, त्यांनीच जाहीर केलं की मी गरोदर आहे, जूनमध्ये बाळ झालं. आता ही बातमी का? तर देशाची पंतप्रधान सहा आठवडे रजेवर जाणार आणि तेवढा काळ उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स कारभार बघणार, हा सरकार कोण चालवणार याचा प्रश्न आहे, आणि पदावर असताना बाळंत झालेल्या सरकारप्रमुख म्हणाल तर याआधी एकच, बेनझीर भुट्टो, १९९०. म्हणजे तीच बाई, तोच विषय, पाच महिन्यांच्या अंतराने एकदा चोंबडेपणा आणि एकदा पहिल्या पानाची बातमी.

त्यांचाच आणखी एक किस्सा, नोव्हेंबर २०२२, फिनलंडच्या पंतप्रधान सना मरीन ऑकलंडला आल्या होत्या, आणि एका पत्रकाराने दोघींना विचारलं की तुमचं वय सारखं, आवडीनिवडी सारख्या म्हणून भेटताय का. आर्डर्न म्हणाल्या की ओबामा आणि न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जॉन की भेटले तेव्हा त्यांना कुणी हे विचारलं होतं का कुणास ठाऊक. हीच ती उलटी करून बघायची युक्ती, डेस्कवर आम्ही रोज करतो, नाव बदला, पुरुषाचं नाव टाका आणि वाक्य मोठ्याने वाचा. हसू आलं तर काढा. २०१७ मध्ये ब्रेक्झिटची औपचारिक नोटीस जायच्या दोन दिवस आधी ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन ग्लासगोत भेटल्या, स्कॉटलंड ब्रिटनमध्ये राहणार का नाही असला विषय, आणि दुसऱ्या दिवशी एका मोठ्या ब्रिटिश टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावर दोघींचे पाय आणि कोणाचे चांगले याची चर्चा. यावर काय परीक्षा करायची.

कपड्यांबद्दल मात्र मी आंधळेपणाने कात्री चालवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये झेलेन्स्की यांना व्हाइट हाउसमध्ये सूट का नाही घातला म्हणून विचारलं गेलं, ती बातमी होतीच, कारण युद्ध सुरू झाल्यापासून लष्करी थाटाचे कपडे हेच त्यांचं राजकीय विधान होतं. त्याच महिन्यात निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पाच्या दिवशी बिहारच्या मधुबनी चित्रकार दुलारी देवी यांनी दिलेली मधुबनी साडी नेसली आणि भाषणात बिहारसाठी मखाना बोर्ड होता, त्या वर्षी बिहारमध्ये निवडणूक होती, मग साडी लिहायची, पण मखान्याच्या शेजारी बसवून लिहायची. नुसता रंग, पोत, किनार अशी स्वतंत्र चौकट आली की मी ती जाहिरातीला जागा करून देते.

आता आपल्या मराठी डेस्कचा सगळ्यात लाडका शब्द, रणरागिणी. कुठल्याही पक्षाची बाई जरा मोठ्याने बोलली की रणरागिणी. पुरुष बोलला तर "टीका केली". त्याचाच चुलतभाऊ म्हणजे "पुरुषालाही लाजवेल असं नेतृत्व". लिहिणाऱ्याला वाटतं कौतुक केलं, पण अर्थ काय होतो, तर नेतृत्व हे पुरुषाचं काम आणि हिने चुकून ते बरं केलं. "मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष" हे वाक्य इस्रायलच्या गोल्डा मेयर यांच्याबद्दलही सांगतात आणि इंदिरा गांधींबद्दलही, दोन देश, एकच विनोद. शिव्या तर कळतात, त्या काढताही येतात, हे असलं कौतुक काढायला गेलं की लिहिणारा रागावतो. माझं एका ज्येष्ठ वार्ताहराशी यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं.

अजून एक गृहीत धरलेली गोष्ट असते, बाई आली म्हणजे बायकांचं भलं करणार. उल्लेखासोबत हे गृहीतक फुकट चिकटून येतं. मार्गारेट थॅचर ११ वर्षं ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या, तेवढ्या काळात त्यांच्या कॅबिनेटमध्ये दुसरी बाई आली ती एकच, बॅरोनेस यंग, आणि तीही दोनेक वर्षंच. दुसरीकडे राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा २००४ मधला अभ्यास आहे, पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींचा, तिथे सरपंचपद आळीपाळीने बायकांसाठी राखीव होतं त्यामुळे तुलना स्वच्छ करता आली, आणि जिथे बाई सरपंच होती तिथे पिण्याच्या पाण्याच्या कामांत जास्त पैसा गेला, कारण गावातल्या बायकांची तक्रार पाण्याची होती. म्हणजे फरक पडतो, कधी पडत नाही. नेता बाई आहे एवढं लिहून थांबलात तर वाचक आपल्या मनातलं उत्तर भरणार. पुढे खर्च कुठे गेला ते पण लिहा.

नियम म्हणाल तर आहेत. ब्रिटनमधल्या संपादकांच्या आचारसंहितेत वंश, रंग, धर्म यांचा तपशील बातमीशी खरोखर संबंध असल्याशिवाय टाळा असं आहे, असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचं धोरण साधारण तसंच, आपल्या प्रेस कौन्सिलच्या निकषांत जातीचा उल्लेख सहसा टाळा, विशेषतः त्यातून त्या जातीची बदनामी होत असेल तर, असं आहे. सगळ्यांची मेख एकाच शब्दात, "संबंध". आणि संबंध आहे का नाही हे शेवटी रात्री अकरा वाजता डेस्कवर बसलेला माणूस ठरवतो.

शब्द कोणता वापरायचा हेही घाईत चुकतं म्हणून एवढंच, माणूस स्वतःला काय म्हणवतो ते बघा. ओबामांची आई गोरी, वडील केनियाचे, आपल्याकडे काही जण हट्टाने "मिश्रवंशीय" लिहायचे, पण २०१० च्या जनगणनेच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः फक्त कृष्णवर्णीय या रकान्यात खूण केली होती. मग आपण कोण दुरुस्त करणारे?

शेवटचं उदाहरण. जून २०२४, मेक्सिकोची निवडणूक. डेस्कवरच्या नव्या मुलीने प्रचाराच्या बातमीत सगळीकडे "महिला उमेदवार शेनबाम" लिहिलं होतं. मी विचारलं, समोर कोण आहे? सोचित्ल गाल्वेझ, म्हणजे ती पण बाईच, मग तुझ्या "महिला उमेदवार" या शब्दांवरून वाचकाला दोघींतली कोणती ते कळणार कसं? तिने ते सगळे काढले आणि त्या जागी एक सत्ताधारी पक्षाची, पर्यावरण आणि ऊर्जा विषयातली डॉक्टरेट, मेक्सिको सिटीची माजी प्रमुख, आणि दुसरी विरोधी आघाडीची सिनेटर असं टाकलं, कॉपी एकदम जिवंत झाल्यासारखी झाली. निकाल लागला, शेनबाम जिंकल्या. आता तिने "महिला" शब्द हेडिंगमधून पण काढला होता, आदल्या आठवड्यात ओरडा खाल्लेला ना. मी म्हटलं अगं, आज हवाय तो. ती वैतागली, म्हणाली, काल काढ म्हणालात, आज घाल म्हणताय. मी म्हटलं मेक्सिकोत बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क कधी मिळाला बघ. तिने शोधलं, १९५३. मग तिनेच हेडिंगमध्ये "पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष" घातलं, १९५३ इंट्रोच्या, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदाच्या, दुसऱ्या वाक्यात टाकलं, आणि खालच्या सात परिच्छेदांत तो शब्द एकदाही आला नाही, मी मोजलं.